कोणावर गेली

ओथाया
८ फेब्रुवारी १९९८

माझी आई न्योकाबी,

मी वामुयू. तुझी लेक आणि तुझी जन्मदाती, दोघीही इकडे मजेत आहोत. एकाच चुलीवर जेवतो, एकाच खाटेवर झोपतो. हस की गं. बाळंतिणीनं हसावं, दूध चांगलं उतरतं.

निरोप पोचला. चहाची पानं तोलून घेतात तिथल्या दुकानात तुझ्या नवऱ्याचा फोन आला, दुकानदारानं गाथोगोला सांगितलं, आणि गाथोगोनं आपली खटारा गाडी रस्त्यातच उभी करून मळ्यात हाक दिली, "म्हातारे, न्योकाबीला मुलगी झाली." मी पाठीवरच्या टोपलीसकट नाचले. अर्धी पानं सांडली. मुकादम ओरडला तेव्हा मी म्हटलं, "ओरडू नकोस बाबा, आज मी जन्मले आहे. तान्ह्या बाळावर कोणी ओरडतं का?" त्याच्या मुलीला त्याच्या आईचं नाव आहे, तोही तिला आई म्हणतो, त्याला कळलं.

गाथोगो म्हणाला की तुझी पिशवी काढावी लागली. आता बरी आहेस ना? असू दे. पहिली गाथोनी, तुझ्या सासूच्या नावाची. दुसरी ही, रीतीनं माझ्या नावाची. सासरचं झालं, माहेरचं झालं, आता पोटाला विश्रांती दे. मला धास्ती होती ती मुलगा होण्याची. तुझी थोरली बहीण दुडदुडायच्या वयातच गेली आणि तुझ्यानंतर माझ्या घरात पाळणा हलला नाही. माझं नाव पुढे न्यायला तू एकटीच. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला असता तर मी काय केलं असतं? पण झाली मुलगीच. देवाला माझं तोंड ओळखीचं आहे.

म्हाताऱ्यांच्या शाळेची गंमत सांगायची राहिली. चर्चच्या मागच्या खोलीत दुपारी इंग्रजी शिकवतात, तिथे मी जाते हे तुला गाथोगोनं सांगितलं असेल. का जाते? तुझी गाथोनी फोनवर "शोशो, शोशो" करत इंग्रजीत भराभर बोलते आणि आजी इकडे नुसती "येस, येस". मागे तिनं म्हणे विचारलं होतं, "शोशो, तू मेलीस की तुझी कोंबडी मला मिळेल का?" मी येस म्हटलं. कोंबडीला अजून सांगितलेलं नाही.

आमची टीचर अचिएंग तळ्याकडची आहे, लुओ जमातीची. त्यांच्यात जन्माची वेळ बघून नाव ठेवतात. ही भर दुपारी जन्मली म्हणून अचिएंग. माझ्या शेजारी बसणारी काबुरा मला कोपरानं ढोसून म्हणाली, "सूर्याकडे बघितलं आणि झालं नाव. काटकसरी लोक." टीचर मात्र गुणी आहे. शुक्रवारी तिनं फळ्यावर लिहिलं, टेक आफ्टर. टेक म्हणजे घे आणि आफ्टर म्हणजे मागून, इतकं आम्हाला येत होतं. काबुरा लगेच म्हणाली, "मागून घेणं म्हणजे चोरीच की." टीचर म्हणाली, "नाही आजी, इंग्रजांची ही सवयच आहे. दोन साधे शब्द एकत्र बांधायचे आणि तिसराच अर्थ बाहेर काढायचा. टेक आफ्टर म्हणजे एखाद्यावर जाणं. पोरगं बापावर गेलं, नात आजीवर गेली, तसं. चेहरा चालेल, चाल चालेल, स्वभावही चालेल. पण धाकट्यानं थोरल्यावर जायचं, थोरला धाकट्यावर जात नाही. आणि घरातल्याच माणसावर जायचं, शेजाऱ्यावर नाही."

"शेजाऱ्यावर गेलं तर भांडण होतं," काबुरा म्हणाली. वर्ग हसून हसून आडवा.

मग टीचरनं मला विचारलं, "आजी, तुम्ही कोणावर गेलात?" मी डोक्याचा रुमाल सरकवून डावा कान दाखवला. तुला ठाऊकच आहे माझा कान, वरची कड आत मुडपलेली, भाजीवाल्यानं पान मुडपावं तशी. माझ्या आजीचा, थोरल्या वामुयूचा, असाच होता. टीचर म्हणाली, "म्हणजे नाव आजीवरून ठेवलं, ते नेम आफ्टर. आणि कान आजीवर गेला, तो टेक आफ्टर. पहिलं लोक करतात, दुसरं आपोआप होतं." मी म्हटलं, "बाई, तुमच्याकडे असतील दोन. आमच्यात नाव आलं की माणूसच येतं. माझी मुलगी माझ्या आईच्या नावाची, म्हणून मी तिला आई म्हणते. ती रागावली की मी गप्प बसते." टीचर म्हणाली, "मग लहानपणी तिला फटके कोण द्यायचं?" मी म्हटलं, "मीच. पण आधी माफी मागून."

बाळासाठी क्योंडो विणायला घेतला आहे. घायपाताचा दोरा मीच मांडीवर वळते, मांडी सोलून निघाली आहे. इवलीशी झोळी होईल, लाल पट्ट्याची. आम्ही गटातल्या बायका लवकरच बाळाला बघायला येऊ, काळे वाल आणि आंबिलीचं पीठ घेऊन. काबुराला म्हटलं तर ती "बरं" म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली. एवढ्या मोठ्या बातमीला नुसतं बरं. तिचे गुडघे दुखत असतील.

वाइथिरा तुझ्याकडेच राहायला आली आहे असं कळलं. बाळंतिणीच्या घरात आजारी माणूस, पण तुझी मावशी आहे, शाळेच्या वर्षांत तिनं तुला ठेवून घेतलं होतं, तू जाणे. माझ्या धाकट्या बहिणीला सांग, ताई जन्मली.

तू स्वतः फोन का केला नाहीस? टाके दुखत असतील.

तुझी लेक
वामुयू

ओथाया
१ मार्च १९९८

माझी आई,

पत्राला उत्तर नाही. पोस्टमास्तरला विचारलं तर म्हणतो, "आजी, मी काय पत्रं खातो?" त्याचं पोट बघता खात असेल.

रविवारी चर्चमध्ये ज्यांना काही सांगायचंय त्यांनी उभं राहा म्हणाले, मी उभी राहिले. म्हटलं, "नैरोबीला माझ्या आईनं मला जन्म दिला आहे." जुन्या माणसांनी आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या. आमच्या गटातल्या बायकांच्या किलकाऱ्या जरा उशिरा आल्या आणि लवकर संपल्या. थंडी होती.

सगळ्या मिळून येतोय, पुढल्याच्या पुढल्या शनिवारी. काबुरा म्हणत होती की रस्ता खराब आहे, नंतर जाऊ, आधी फोन तरी करू. मी म्हटलं, "स्वतःला भेटायला जाताना फोन करतात का?" त्यावर ती काही बोलली नाही. तिला इतकं न बोलताना मी लग्नापासून बघितलेलं नाही, तेही तिच्या लग्नापासून, आणि तेव्हा तिचा दात दुखत होता.

झोळी झाली. पट्टा तेवढा राहिला आहे. चामड्याचा पट्टा बाळाच्या नावाच्या माणसानं स्वतः शिवावा, माझ्या आजीनं माझ्या झोळीचा शिवला होता. तिथे आल्यावर बाळासमोर शिवेन, म्हणून सुई आणि दोरा रुमालात बांधून ठेवला आहे.

गाथोनीसाठी एक वाक्य पाठ केलंय. "युवर सिस्टर टेक्स आफ्टर मी." टीचर म्हणाली बिनचूक आहे, पण आधी बाळ बघून घ्या. मी म्हटलं, बघायचं काय त्यात.

तुझी लेक
वामुयू

ओथाया
१६ मार्च १९९८

न्योकाबी,

वर आई लिहिलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल.

आम्ही नीट पोचलो. वाटेत टायर फुटला नाही, कोणाला उलटी झाली नाही, मटाटू व्हॅनवाल्यानं कोणाला कोणाच्या मांडीवर बसवलं नाही. जाताना बायका गप्प होत्या. आमच्या बायका मटाटूत गप्प बसल्या, तिथेच मला कळायला हवं होतं. येताना मात्र सगळ्या बोलत होत्या, बटाट्यांबद्दल.

मी भांडायला लिहीत नाही. मला शनिवारचा दिवस एकदा नीट लावून बघायचा आहे, धुतलेले वाल निवडावेत तसा.

तुझ्या दारात गाणं सुरू झालं. म्हणजे मी सुरू केलं. मागून साथ आली ती मुठीत धरलेल्या चिमणीसारखी. तू दार उघडलंस, तोंड उतरलेलं, मला वाटलं अशक्तपणा. आत मोठ्या खुर्चीत वाइथिरा बसलेली, गोधडीत गुंडाळलेली. किती वाळली आहे ती. मी म्हटलं, "काय गं, बरी खुर्ची बळकावलीस." ती म्हणाली, "ये ताई, इथे बस," आणि उठायला लागली. आयुष्यात ती माझ्यासाठी कधी उठलेली नाही. तिथेही मला कळायला हवं होतं.

बाळ माझ्या हातात कोणी दिलं नाही. मीच उचललं, खिडकीपाशी नेलं, टोपडं मागे सारलं, नीट बघितलं. आशीर्वादाची थुंकी तोंडात गोळा केली, तिच्या छातीवर टाकायला, आणि मोठ्यानं म्हटलं, "वामुयू, आलीस का बाई घरी."

कोणी किलकारी मारली नाही. गाथोनी खाली बसून चित्र रंगवत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "नो, शोशो. हर नेम इज वाइथिरा."

त्या पोरीशी बोलता यावं म्हणून मी शाळेत जाते, न्योकाबी. तिचं एक अख्खं वाक्य मला पहिल्यांदाच समजलं. एकाही शब्दाला अडले नाही.

थुंकी मी गिळली.

आणि तू काय म्हणालीस? "आई, आतून जरा पाणी आणतेस?"

आणलं मी. माझे पाय सवयीनं गेले. पाणी कोणाला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही, कारण कोणी प्यायलं नाही. पेला टेबलावर तसाच होता, मी निघाले तेव्हाही.

आता तुला एक सांगते, जे तुला माहीत असायला हवं, कारण तेव्हा तू माझी लेक नव्हतीस, माझी आई होतीस. आमच्या लहानपणी आईची मांडी वाइथिराची होती. तिचं नाव आईच्या आईचं. मी आईच्या सासूच्या नावाची. सासूला कोण मांडीवर घेतं? मी आत आले की आई म्हणायची, "वामुयू, जरा पाणी आण." ओढा पार खाली, चढ छातीवर येणारा. पाण्याचा भोपळा भरून वर येईपर्यंत वाइथिरा मांडीवर झोपलेली असायची आणि जागा संपलेली असायची. मग तू झालीस. तुझं नाव न्योकाबी ठेवलं तेव्हा मी तुला पाठीशी बांधून गावभर फिरले, म्हटलं, या खेपेला आई माझी. या खेपेला मीच तिला सोडणार नाही. आणि तू काय केलंस? पुन्हा तिला मांडीवर घेतलंस आणि मला पाण्याला पाठवलंस.

बारसं चर्चमध्ये होऊनसुद्धा गेलं म्हणे. तुझ्या नवऱ्याला ठाऊक, तुझ्या पाद्र्याला ठाऊक, काबुराची सून तुमच्याच गल्लीत, तिच्याकडून काबुराला ठाऊक आणि काबुराकडून सगळ्या गटाला. मी चर्चमध्ये उभी राहून सांगत होते तेव्हा पाठीमागच्या बाकावर सगळ्यांना ठाऊक होतं. येताना मी काबुराला म्हटलं, "तू माझ्या ताटात जेवलेली बाई." ती म्हणाली, "मी सांगणारच होते गं. पण तू नाचत होतीस. नाचणाऱ्या बाईला कोण खाली बसवतं?" तिचा राग मला नीटसा येत नाही. तुझा येतो.

बायकांनी आणलेले वाल, केळी, पीठ तिथेच राहू दिलं, ते बाळंतिणीचं आहे. माझी झोळी मी परत आणली. तुझ्या नवऱ्याला वाटलं असेल, म्हातारी लहान मुलासारखी करते. वाटू दे.

मी तुला वाइथिराकडे शिकायला ठेवलं होतं. द्यायला ठेवलं नव्हतं.

वामुयू

ओथाया
१९ एप्रिल १९९८

न्योकाबी,

तुझी मावशी इथे आहे. तुझ्या नवऱ्यानं तिला शोधत पोलिसात जाऊ नये म्हणून कळवते.

गुरुवारी पावसात गाथोगोची गाडी दारात घसरत आली. तो खिडकीतून ओरडला, "म्हातारे, सामान आणलंय, काचेचं आहे, जपून उतरव." सामान म्हणजे वाइथिरा. घरात ये म्हटलं तर आली नाही, ओसरीत लाकडांच्या ढिगावर बसली, भिजलेल्या कोंबडीसारखी. मी दारात उभी. गाथोगो हळूच गाडीत जाऊन बसला. असले तमाशे त्याला चुकवायचे नसतात, म्हणून काच त्यानं खालीच ठेवली होती.

मी म्हटलं, "काय काम काढलंस?"

"नाव परत द्यायला आले."

"नाव म्हणजे काय पातेलं आहे? उसनं नेलं, घासून परत आणलं?"

"न्योकाबीशी बोलून आले आहे. पाद्र्याला सांगून बदलून घेऊ. तुझं तुला."

"आणि तुझं?"

"माझं काय, ताई. मी जाईन तशी जाईन."

"तशी म्हणजे कशी?"

"दार लावून." असं म्हणून ती हसली. तिचं हसणं अजून तसंच आहे, एका गालानं. "नवऱ्यानं परत पाठवलं तेव्हाच मला कळलं होतं. पोटी कोणी नाही, मग नाव तरी कुठे जाणार? मी गेले की वाइथिरा म्हणून हाक मारायचं कोणाला कारण उरणार नाही."

मी म्हटलं, "मला तरी कोण हाक मारणार आहे?"

"तुला न्योकाबी आहे."

"ती तुझी आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला ते दाखवलंत, केळी खाऊ घालून."

यावर ती काही बोलली नाही. पागोळ्या पडत होत्या. मग मी तिला ते विचारलं जे मला महिनाभर आतून कुरतडत होतं. "तू मागितलंस का?"

ती म्हणाली, "आईशपथ नाही. आधी ठेवलं, मग मला सांगितलं. मी लगेच विचारलं, ताईला विचारलंस का? न्योकाबी म्हणाली, विचारलं तर ती नाही म्हणेल."

हे वाक्य तू म्हणालीस. मी ते पुन्हा लिहून ठेवते, तुला दिसावं म्हणून. विचारलं तर ती नाही म्हणेल.

म्हणजे प्रश्नही तूच विचारलास, माझ्या बाजूनं उत्तरही तूच दिलंस आणि त्या उत्तराचा रागही माझ्यावर धरलास. मी त्या सगळ्यात कुठेच नव्हते. मी काय म्हटलं असतं? खरं सांगते, मलाही ठाऊक नाही. भांडले असते. चूल विझवून बसले असते. काबुराकडे जाऊन तुमच्या सगळ्यांच्या नावानं रडले असते. मग कदाचित सकाळी उठून म्हटलं असतं, ठेव तिचं, तिला कोणी नाही. पण मग ते मी दिलं असतं. लोकांनी म्हटलं असतं, वामुयूनं बहिणीला आपली जागा दिली. आता लोक म्हणतात, वामुयूला उठवलं.

नाव बदलायचं नाही. हे तुझ्या पाद्र्यालाही सांग. पोरीला त्या नावानं हाक मारून झाली आहे, गाथोनी मारते, दूधवाला मारत असेल. ती हाक आता कुठे नेऊन टाकायची?

वाइथिराला म्हटलं, "नाव ठेव. आणि आत ये, लाकडं भिजतायत." तिला माझ्या खाटेवर झोपवलं आहे. खाते चिमणीएवढं आणि तक्रार हत्तीएवढी. आंबिलीला आंबट चव नाही म्हणे. ओढ्यावर आता नळ आला आहे, पण चढ तोच. पाणी अजूनही मीच आणते.

वामुयू

ओथाया
२४ मे १९९८

न्योकाबी,

तुझं पत्र आलं. मला वाचता आलं, पण वाइथिराला वाचून दाखवायचं नव्हतं म्हणून मळ्यात जाऊन वाचलं. पानं तोडायची राहिली, मुकादम पुन्हा ओरडला.

तू लिहितेस, "आई, तू बळकट आहेस, मला वाटलं तुला चालेल." हे मी परत परत वाचलं. बळकट माणसाचं घेतलेलं चालतं, हे तुला कोणी शिकवलं? बैलाबद्दल असं म्हणतात. आणि लिहितेस की मावशीनं तुझ्या शाळेच्या दिवसांत आपली चादर तुला दिली आणि स्वतः पोत्यावर झोपली. मला हे माहीत नव्हतं. तिनं कधी सांगितलं नाही, तू कधी सांगितलं नाहीस. माझ्यापाशी तुम्ही दोघी काय काय सांगत नाही, याचाच एक वेगळा गाव वसला असेल.

पाकिटातून बाळाचा फोटो निघाला. तो मी वाइथिराला दिला, तिच्या नावाची आहे ती, तिचा हक्क आहे. तिची नजर आता लांबचं बघत नाही. तिनं फोटो खिडकीपाशी धरला, जवळ नेला, लांब नेला, मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली. हसता हसता खोकला लागला, मी पाठ चोळली.

"ताई," ती म्हणाली, "हे बघ."

मी म्हटलं, "बघितलंय."

"कधी?"

"त्याच दिवशी. खिडकीपाशी. टोपडं काढलं तेव्हा."

तिनं फोटो खाली ठेवला. "आणि बोलली नाहीस?"

"मला पाणी आणायला पाठवलं ना."

तुलाही मी ते लिहिलं नव्हतं. मार्चमध्ये इतकं लिहिलं, बटाट्यांपर्यंत सगळं लिहिलं, पण ते लिहिलं नाही. तुम्ही माझ्यापासून काही ठेवून घेतलं होतं, मीही एक ठेवून घेतलं. डावा कान. वरची कड आत मुडपलेली. थोरल्या वामुयूचा, माझा आणि तिचा. म्हणून तर मी एवढ्या मोठ्यानं हाक मारली होती. मी नावाला नव्हे, कानाला हाक मारली होती. तू रोज तिला न्हाऊ घालतेस, तुझ्या लक्षात आलं नसेल असं मी धरत नाही.

शुक्रवारी टीचरनं उजळणी घेतली. टेक आफ्टरचं एकेक वाक्य लिहा म्हणाली. काबुरानं लिहिलं, माझा बैल माझ्या नवऱ्यावर गेला आहे. टीचरनं सांगितलं की बैल घरातला माणूस नाही. काबुरा म्हणाली, "नवरा तरी कुठे होता." मी लिहिलं, "वाइथिरा टेक्स आफ्टर वामुयू." टीचरला आमच्या घरचं सगळं ठाऊक आहे, कोणाला नाही? तिनं माझी पाटी हातात घेतली. मग म्हणाली, "धाकटी थोरलीवर गेली आहे ना?" मी म्हटलं, "हो." "आणि घरातलीच आहेत ना दोघी?" मी म्हटलं, "आहेत. तोच तर त्रास आहे." तिनं मोठी बरोबरची खूण केली आणि वर्गाला वाचून दाखवलं.

तिचं म्हणणं मला आता पटतं. मी म्हटलं होतं दोन्ही एकच. एक नाहीत. एक तुम्ही लोक ठरवता, दार लावून, बाहेरच्या बाईला न विचारता. दुसरं ठरवायला तुम्हाला कोणी विचारत नाही.

वाइथिरा आता उठत नाही. फोटो उशाखाली आहे. माझ्याशी भांडताना सुद्धा तो बाहेर काढते आणि म्हणते, "बघ, हीसुद्धा तुझ्यासारखीच हट्टी होणार. माझं नाव खराब करणार." काल म्हणाली, "ताई, मला तुझा कानच हवा होता, नाव चुकून आलं." मी म्हटलं, "घे की, दोन आहेत." दोघी हसलो. मग ती झोपली आणि मी तिच्या पायांवरून पांघरूण सारखं करत बसले.

झोळी गाथोगोबरोबर पाठवते आहे. पट्टा लावलेला नाही. तू ती खिळ्याला टांगून शोभेची करशील म्हणून आधीच सांगते, पट्ट्याशिवाय झोळी अर्धी असते. पट्टा माझ्याकडे आहे. चामडं तेल लावून मऊ केलंय. ज्याचं नाव त्यानं शिवायचा. वाइथिराच्या बोटांत सुई राहत नाही, तेव्हा ती धरेल आणि मी ओढेन. पण बाळ समोर हवं. तेव्हा पोरीला घेऊन ये. वाइथिरा आहे तोवर ये. मी तिकडे येणार नाही.

आल्यावर मी तिला वाइथिरा म्हणूनच हाक मारेन. पण कान धरून मारेन.

गाथोगो भोंगा वाजवतोय, पत्र इथेच थांबवते. आई, येताना बाळाला गरम कपड्यात गुंडाळ, घाटात गारठा असतो. हे बघ, हात सवयीनं आई लिहून गेला. खोडणार होते. पण टीचर म्हणते खाडाखोड केलेला कागद पाठवू नये, आणि दुसरा कागद घरात नाही. राहू दे तसंच. माफ केलं असं समजू नकोस.

वामुयू